गोरखचा बुधवार

शिंगणापूर,
पाडव्याचा दुसरा दिवस

प्रिय बनू,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं यावरून सकाळीच माझी आणि तुझ्या सासऱ्याची जुंपली. आबा म्हणतो, "आये, सुनेला चिरंजीव सौभाग्यवती लिहायचं असतं, पद्धत हाय ती." मी म्हटलं, तुझ्या पत्रात तू लिही पद्धत. एवढे लांब शब्द माझ्या हातून उतरत नाहीत. दोन पुस्तकं शिकलेली मी, तीसुद्धा माहेरी मास्तरीणबाईंनी हाताला धरून ओढत शाळेत नेली म्हणून. आणि तू मला प्रिय आहेस, मग दुसरं काय लिहू? तो पटका गुंडाळून रागारागानं रानात गेला. आता घरात मी आहे, मांजर आहे आणि हे पत्र आहे. माझा नातू, म्हणजे तुझा नवरा, अंगणात बैलांच्या वेसणी वळत बसलाय. मधूनच मान वर करून बघतो, आजीचं कुठवर आलं म्हणून. त्याच्याविषयीच लिहायचंय, पण आधी मला तुझ्या लेकीविषयी लिहू दे, नाहीतर माझं पोट फुगेल.

गोदावरी नाव ठेवलंत ते फार आवडलं. आम्ही गोदी म्हणू, तुझ्या आईला चालो न चालो. कुंची पोचली ना? माझ्या लग्नातल्या खणाची आहे ती. आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलंय, धुऊन धुऊन अगदी सायीसारखं झालेलं, बाळाला टोचणार नाही. टाके वाकडे आहेत ते मला माहीत आहे. सुईत दोरा ओवायला हल्ली मला दुसऱ्याचे डोळे लागतात, आणि ओवून देणारा तुझा नवराच होता. न कंटाळता, हाक मारली की येऊन. या घरात पाळण्यात मुलगी निजते कशी ते मी विसरूनच गेले होते. सगळे मुलगेच, बैलासारखे खाणारे आणि दगडासारखे गप्प. आता एकतरी बोलणारी आली. मी गावभर गूळ वाटला. साखर मिळतेय कुठं, लढाई संपली तरी रेशन काही संपेना. शेजारचा कानिफनाथ म्हातारा गूळ हातात घेऊन मला विचारतो, "साळूबाई, पोरगी झाली न् तोंड गोड करता व्हय?" म्हटलं, तुमच्या वेळी कुणी वाटला नसेल, म्हणूनच तुम्ही असे कडू राहिलात, खा गुमान. खाल्ला. वर नातवासाठी आणखी एक खडा मागून घेतला.

तुझे वडील सांगावा घेऊन आले तेव्हा गोरख गोठ्यात होता. मुलगी झाली म्हटल्यावर बाहेर आला, एवढंच विचारलं, "दोघी नीट हायेत ना?" नीट आहेत म्हटल्यावर मान हलवली आणि बैल सोडून ओढ्यावर घेऊन गेला. बैल सकाळीच धुतलेले होते. पुन्हा धुतले. शिंगंसुद्धा घासली. तुझे वडील माझ्याजवळ हळूच म्हणाले, जावयांना आनंद झालेला दिसत नाही. मी म्हटलं, व्याही, तुम्ही जावयाच्या तोंडाकडं बघू नका, बैलांकडं बघा.

गेल्या पाडव्यालाच तो लढाईवरून परत आला होता, आठवतं? तू चौकटीत पाण्याचा तांब्या घेऊन उभी. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी नवी नवरीच तू, कारण हळद उतरली नाही तोच तो पलटणीत गेला होता. तू पहिल्यांदा या घरात आलीस तेव्हाची मला गंमत वाटते. संगमनेरकडची पोर तू, पहिल्याच दिवशी सगळ्या बायांसमोर विचारलंस, "आजी, कडी कुठं आहे?" काय हसलो आम्ही! शनिदेवाच्या गावात कडी कसली आणि कुलूप कसलं. चौकटीला दारच नाही तर कडी कुठं लावणार? कुत्रं शिरू नये म्हणून एक ताटी टेकवायची, बाकी देव बघतो. तुला सवय व्हायला महिना लागला. आणि ज्याचा जन्म याच घरातला, दार कशाला म्हणतात ते ज्यानं मोठेपणी परगावी पाहिलं, तो ब्रह्मदेशातून आला आणि त्यालाच दार नसलेलं घर सोसेना. दिवस मावळायला लागला की ज्वारीची पोती ओढून चौकटीत रचायची, पोत्यांवर कुळव ठेवायचा, आणि भिंतीला पाठ लावून बसायचं. गावात कुजबुज सुरू झाली. चार मोठी माणसं येऊन आबाला म्हणाली, "देवाच्या गावात दार लावतोय तुमचा ल्योक, ह्ये बरं न्हाई." आबा बिचारा एकीकडं देवाला भ्यायला आणि एकीकडं पोराला.

मग आपण काय काय केलं ते तुला ठाऊकच आहे. साडेसाती म्हणून तेल झालं, ओलेत्यानं फेऱ्या झाल्या, मढीला नेऊन आणला, लिंबाचा पाला झाला, धुरी झाली. देवाची काही चूक नाही त्यात, त्याच्याकडं आपण चुकीचं गाऱ्हाणं घेऊन गेलो होतो. गोरख सगळं मुकाट्यानं करून घ्यायचा. मला तर त्याचं ते मुकाट्यानं करून घेणंच जास्त लागायचं. आई लहानपणीच गेलेलं पोर, माझ्याच हाताखाली वाढलेलं. लहान असताना एरंडेल पाजायचं म्हटलं तर सारा गाव डोक्यावर घ्यायचा. आणि आता काहीही करा, हूं नाही की चूं नाही.

पोळ्याच्या सुमारास तो त्याच्या पलटणीतला सहादेव आला होता बघ, राहुरीकडचा, मोठ्या कानांचा. ओसरीवर बसून सांगत होता, "म्या दर बुधवारी नगरला जातो. सुमंत डॉक्टर हायेत. लढाईत आमच्यासारख्यांनाच बघायचे. जायचं, बसायचं, बोलायचं." आबा म्हणाला, "बोलायला डॉक्टर? मग आमच्या पारावर ये की. दिसभर बोलत्यात, वर तंबाखूबी देत्यात." सगळी ओसरी हसली. सहादेवही हसला. गोरख हसला नाही. मीही खरं सांगायचं तर हसलेच होते. पण तू चुलीपाशी होतीस, चहाच्या कपबशा आत घेऊन आलीस आणि माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "आजी, पाहुण्यांची बशी कोरडी आहे." मला काही उमजेना. मग तू दुसरी बशी दाखवलीस, गोरखची, अर्धा चहा सांडलेली. म्हणालीस, दोघं एकाच रानात होते, एकाच खड्ड्यात बसले होते, मग त्यांचा हात थरथरत नाही आणि यांचा का थरथरतो? आणि म्हणालीस, "यांना देव लागला नाही आणि भूतही लागलं नाही. लढाई संपली हे अजून यांना कुणी पटवून दिलेलं नाही." बनू, पोरी, मी साठी ओलांडली, पण असं शहाणपणाचं बोलणं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते मी पदराच्या गाठीत बांधल्यासारखं जपून ठेवलं. आज जे काही बरं लिहिणार आहे ते त्या दोन बशांपासून सुरू झालं, म्हणून आधी तुझे उपकार मानते. सुनेचे उपकार मानायची पद्धत नाही म्हणे. तीही आबानंच लिहावी.

तुला एक कधी सांगितलं नाही. माझा धाकटा भाऊ होता, भीमा. आधीच्या मोठ्या लढाईत तो बसऱ्याकडं गेला होता. आला तेव्हा वडिलांनी वाजतगाजत आणला. मी दोन मुलांची आई झालेली, माहेरी गेले होते त्याला बघायला. तो ज्वारीच्या रिकाम्या पेवात उतरून बसलेला. वर ये म्हटलं की म्हणायचा, इथं बरं आहे. सगळे म्हणायचे आळशी झाला, काम नको म्हणून बसतो. मग भगत आणले, गंडे बांधले. त्याला तिकडं काय बघितलंस असं एकानंही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी गेला तो गेलाच. आई पुढं किती वर्षं वडिलांना बाजारातून आल्यावर आधी मीठ आणलं का विचारायची नाही, तो दिसला का विचारायची. तर गोरखनं पोती रचलेली मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला पोती दिसलीच नाहीत, मला ते पेव दिसलं.

आता पुढचं लिहिते ते सगळ्यांत बसून वाचू नको. लेकीला पाजायला आत गेलीस की तेव्हा वाच.

दसरा होऊन गेला होता. उन्हानं जीव नकोसा झाला होता आणि तू जात्यावर पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसली होतीस. घाम निथळत होता. मी म्हटलं, बाई, पदर सैल कर की. तू म्हणालीस, थंडी वाजतेय. मी उठले, तुझ्यासमोर बसले, खुंट्याला हात लावला, आणि दोघींनी मिळून दळण उरकलं. जातं ओढताना पदर हलतो, बनू. मला दिसायचं ते दिसलं. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण दुपारी आबा जेवायला बसला तेव्हाच सांगितलं, बनूला माहेरी धाडायची. तो म्हणे, "आये, पाचवा तर लागलाय. सातव्यात धाडायची पद्धत." मी म्हटलं, मला स्वप्न पडलंय. देवाच्या गावात राहून स्वप्नाला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं, तेवढं खोटं देवानं पोटात घातलं असेल. गाडीत बसताना तू माझे दोन्ही हात धरलेस, तेव्हाच मला कळलं होतं की तुलाही कळलंय.

तू गेल्यावर गोरखनं अंथरूण गोठ्यात नेलं. घरात कुणाशी बोलणं नाही. मार्गशीर्षात आपल्या बांधाला लागून ज्यांची विहीर आहे त्यांनी तेलावरचं इंजिन आणलं. काळं, रांजणाएवढं, सारा गाव बघायला लोटला. मी आणि गोरख हरभऱ्यात होतो. त्या मेल्या इंजिनानं सुरू होताना असा काही फाट् फाट् आवाज केला म्हणतेस! मला काही कळायच्या आत मी हरभऱ्यात पालथी आणि गोरख माझ्यावर. तोंडात माती, नाकात हरभऱ्याची आंब. म्हटलं, अरे मेल्या, माझं कंबरडं! तो ऐकेना. दोन्ही हातांनी माझं डोकं झाकून धरलेलं. त्याची छाती माझ्या पाठीवर धाडधाड उडत होती आणि तो भलत्याच कुणाचंतरी नाव घेऊन सांगत होता, उठू नको, उठू नको. तेव्हा बनू, माझ्या डोक्यात लख्ख झालं. हे पोर कुणाला मारत नाही. हे पोर कुणालातरी वाचवतंय, आणि ज्याला वाचवायचं तो तिकडंच राहिला.

आवाज एकसारखा झाला तसा तो भानावर आला. माझ्या केसांतला पाला काढायला लागला. "आजे, लागलं का गं?" मी म्हटलं, लागलं, आता बस इथंच, मला उठवत नाही. उठवत होतं, पण मला त्याला बसवायचं होतं. मग आम्ही दोघं हरभऱ्यात बसून घाटे सोलून खात राहिलो, शेळ्यांसारखे. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आजे, बनूला तूच धाडलीस ना? स्वप्न कसलं पडलं हुतं?" मी म्हटलं, स्वप्न नव्हतं. जात्यावर मी तिच्यासमोर बसले होते. त्यानं पटका सोडला आणि तोंडात कोंबला. पोरी, मोठा बाप्या माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता, भीमालासुद्धा नाही. मग त्यानं सांगितलं. तो ओरडत होता, तू त्याला उठवायला खांदा हलवलास, आणि जाग आली तेव्हा त्याचे हात तुझ्या गळ्याशी होते आणि तू त्याचं नाव घेत होतीस. तू गेलीस तेव्हापासून त्याच्या मनात एकच, की घरात कुणाला ठाऊक नाही, म्हणून सगळे आपल्याला जेवायला वाढतात. कळलं तर कुणी वाढणार नाही. मी म्हटलं, गाढवा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि तू माझ्या हातच्या भाकरी खातोयस. त्याला भीमाचं सांगितलं. तुझ्या दोन बशांचंही सांगितलं. ते ऐकून त्यानं पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, "डॉक्टरनं वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं तर?" मी म्हटलं, मी बाहेरच बसते, तुला कोंडलं तर ओरडून सारं नगर गोळा करीन. तेव्हा हसला. लढाईवरून आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "तू वरडलीस तर डॉक्टरच पळून जाईल. जातो मी, आजे. बुधवारी जातो." मी घाईघाईनं पुढचा घाटा सोलून त्याच्या हातात दिला. मध्ये बोलले तर त्याचा बेत मोडेल की काय असं वाटलं.

पहिल्या बुधवारी मीच बरोबर गेले. घोडेगावापर्यंत गाडी, तिथून मोटार. दवाखान्यात जायचं तर औषधाला बाटली न्यायची एवढं मला कळतं. राखेनं घासून, उन्हात वाळवून, बुचं लावून दोन नेल्या, जास्त दिलं तर असावी म्हणून. सुमंत डॉक्टर उंच, डोक्यावर केस नाहीत, आवाज मात्र कीर्तनकारासारखा. त्यांच्या खोलीला दार. त्यांनी आधी गोरखलाच विचारलं, लावू की उघडं ठेवू? गोरख म्हणाला, "लावा. कडीबी लावा." मी बाहेर बाकावर. शेजारी नगरचीच एक बाई होती, वकिलाची बायको, नऊवारी इस्तरीची. ती मला विचारते, तुमचं काय दुखतं? म्हटलं, माझं काही नाही, माझा नातू आत आहे. ती म्हणाली, माझंच दुखतं, पण कुठं ते सांगता येत नाही म्हणून येते. एवढी चांगली घरची बाई, मला वाटलं फक्त पलटणीतल्यांनाच होतं. तिला मी दशमी दिली. थोड्या वेळानं आतून कडी निघाल्याचा आवाज आला. गोरखनंच काढली होती. बाहेर म्हातारी एकटी बसलीय म्हणून.

निघताना मी बाटल्या पुढं केल्या. डॉक्टर म्हणाले, "आजीबाई, यांत भरण्यासारखं माझ्याकडं काही नाही." मी म्हटलं, मग एवढा वेळ आत केलंत काय? म्हणाले, "तो बोलला, मी ऐकलं." आणि दिलंत काय? "पुढच्या बुधवारी यायला सांगितलं." मला तर फसवल्यासारखंच वाटलं. मोटारीत बसून मी पुटपुटत होते. बाजूला बघते तर गोरख खिडकीला डोकं टेकून झोपलेला. भर दुपारी, चालत्या मोटारीत, तोंड उघडं टाकून. मग माझं पुटपुटणं थांबलं. घोडेगाव येईपर्यंत दोन्ही बाटल्या मांडीवर धरून बसले, वाजू नयेत म्हणून.

पुढं एकदा डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. सांगितलं, झोपेत ओरडला तर त्याला हात लावू नका, पायाशी उभं राहून लांबून नाव घ्या, गाव कोणतं ते सांगा, घरी आहेस म्हणा. एवढंच. एवढं कुणी आपल्याला आधी सांगितलं असतं तर, असं मनात आलं, पण जाऊ दे. आणि म्हणाले, ज्याच्यावर बेततं त्याच्याइतकंच जवळच्या माणसालाही ते बोलून टाकावं लागतं. मी भीमाचं सांगायला सुरुवात केली ती आईच्या बाजारापर्यंत आले. डॉक्टर घड्याळ बघून हसले, म्हणाले, "तुमचा बुधवार वेगळा धरावा लागेल." मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं सगळं. घरी आले तर अंगातून दळणाचं पोतं उतरावं तसं वाटलं. पोत्यांवरून आठवलं, चौकटीतली पोती काढली आता. मी माझं अंथरूण चौकटीत टाकते, आडवी. देवाला लाकडाचं दार चालत नाही, म्हातारीचं चालत असावं, अजून तरी काही बोलला नाही.

आबाची गंमत ऐक. त्याला गावात काय सांगावं कळेना, म्हणून त्यानं सांगून टाकलं, पोराच्या कानाचं दुखणं आहे, तोफांनी कान गेला. झालं! सारा गाव गोरखशी ओरडून बोलायला लागला. कुणी लसणाचं तेल आणून दिलं, कुणी रुईचा रस सांगितला. कानिफनाथ म्हातारा तर त्याच्या कानात तोंड घालून "राम राम" ओरडायचा. आधीच दचकणारं पोर! असं महिनाभर चाललं. मग एक दिवस पारावर सगळे जमलेले असताना गोरख उभा राहिला आणि म्हणाला, "माझा कान ठणठणीत हाय. म्या मनाच्या डॉक्टरकडं जातो. लढाईतलं डोक्यातनं जाईना, म्हणून जातो. आता हळू बोला." आबाची मान खाली. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार आणि पोर पुन्हा गोठ्यात जाणार. पण कुणी हसलं नाही. उठताना कानिफनाथ म्हातारा गोरखजवळ आला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "फुडल्या बुधवारी गाडीत जागा हाय का? आमच्या धाकट्याला... बघू." तेव्हापासून गाडी आबा जुंपतो. पहाटे बैलांना पेंड घालून तयार.

तो अगदी बरा झाला असं मी लिहिणार नाही. तुला खोटं लिहून माझं काय भलं होणार? मागच्या बुधवारी आला तो दोन दिवस जेवला नाही, तिकडचं काहीतरी अवघड निघालं म्हणे. इंजिन सुरू झालं की अजून खांदे उडतात, पण आता आडवा होत नाही, बांधावर बसतो आणि मला सांगतो, आजे, आलं होतं, गेलं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, वर्षही लागेल. गोरख म्हणतो, लागू दे.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. आबानं आखितीला गाडी पाठवून तुला आणायचं ठरवलं होतं. बाळाला तिसरा महिना लागेल, पद्धत आहे. मी त्याला थांबवलंय. तुझ्या वडिलांना काय सांगायचं ते मी बघते, अजून एखादं स्वप्न पडेल मला. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये, वर्षानं ये, नाही वाटलं तर तेही मी ऐकून घेईन. हे माझं झालं. दुसरं गोरखचं आहे. त्याला लेकीला एकदा बघायचंय. मी म्हटलं, मग लिही की तूच, तुला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं. तर म्हणाला, "म्या लिहिलं तर तिला नको म्हणायला जड जाईल. तू लिही, तुला ती नको म्हणू शकंल." दिवसाउजेडी येईल, तुझ्या वडिलांसमोर ओसरीवर बसेल, लेकरू हातात मागणार नाही, तू जिथून दाखवशील तिथून बघेल आणि उन्हं उतरायच्या आत निघेल. तूही समोर यायला पाहिजेस असं नाही. पोस्टकार्डावर एकच शब्द लिही, ये किंवा नको, खाली सही नको की काही नको. नको असला तर मी तो त्याला तसाच वाचून दाखवीन. मी त्याला विचारलंय, मग तू काय करशील? म्हणाला, "बुधवारी नगरला जाईन."

तुझीच, आणि आता गोदीचीही,
साळूआजी